दादीची कांचळी

"दिग्रस? हे कुठे आलं?"

हॉस्टेलला आल्यापासून हा प्रश्न मला इतक्या जणींनी विचारलाय की उत्तर आता व्हायवासारखं पाठ झालंय. यवतमाळ जिल्हा. यवतमाळहून दारव्हा, दारव्ह्याहून दिग्रस, तिथून पुढे पुसद. धावंडा नदीकाठचं तालुक्याचं गाव, चारी बाजूंना कपाशी आणि तूर. एवढं सांगून झालं की दुसरा प्रश्न तयारच असतो, "मग तू इंग्लिश मीडियमची कशी गं?" तर मैत्रिणींनो, आमच्या विदर्भात इंग्रजी शाळेला सरसकट 'कॉन्व्हेंट' म्हणतात, तिथे नन असोत की नसोत. मी अशाच एका कॉन्व्हेंटची. तेव्हा या लेखात ऱ्हस्व-दीर्घ चुकले असतील तर ते संपादक मंडळाने तपासले नाहीत असं समजावं. माझा दोष नाही!

तिसरा प्रश्न मात्र यंदाच्या ट्रॅडिशनल डेला पहिल्यांदाच आला आणि त्याचं उत्तर माझ्याकडे पाठ नव्हतं. सगळ्या जणी पैठणी, नऊवारी, नथ, गजरे अशा थाटात कॉरिडॉरमध्ये फोटो काढत होत्या. मी काळ्या टी-शर्टवर एक जुनी, आरशांनी भरलेली गोष्ट घालून बाहेर आले. शेजारच्या रूममधली ओरडलीच, "अय्या, काय भारी जॅकेट आहे! कुठून घेतलंस? केवढ्याला?"

ते जॅकेट नव्हतं. ती माझ्या दादीची कांचळी होती. आणि "केवढ्याला?" या एका शब्दाचं उत्तर द्यायला मला हा अख्खा लेख लागतोय.

दादी म्हणजे बाबांची आई. आम्ही बंजारा. घरात गोरबोली, गल्लीत वऱ्हाडी, शाळेत इंग्रजी आणि टीव्हीवर हिंदी, अशा चार भाषांत मी वाढले. बाबा दिग्रसला नोकरीला आहेत आणि काका थोड्या अंतरावरच्या तांड्यावर शेती करतात. पेरणीपासून वेचणीपर्यंत दादी तांड्यावर असते, उरलेले महिने आमच्याकडे. दिग्रस-पुसदकडे तांडे काही कमी नाहीत. १९६३ ते १९७५ इतकी वर्षं मुख्यमंत्री राहिलेले वसंतराव नाईक पुसदजवळच्या गहुलीचे, म्हणजे आमच्यातलेच. सेवालाल महाराजांचं पोहरादेवी वाशिम जिल्ह्यात असलं तरी आम्हाला जवळच. त्यामुळे तिकडच्या लोकांना बंजारा पोशाख नवा नाही. तुमच्यासाठी सांगते.

फेटिया म्हणजे मोठ्या घेराचा घागरा, कमरेला भरतकामाची रुंद पट्टी असलेला. कांचळी म्हणजे पुढून आरशांनी भरलेली, पाठ उघडी ठेवून मागे कशांनी बांधायची चोळी. डोक्यावरून टुकरी. त्यावर जागा मिळेल तिथे कवड्या, मणी, जुनी नाणी. केसांत दोन्ही बाजूंना चांदीची घुगरी-टोपली, गळ्यात हासली, हातांत बलिया. दादी अंगणात शिरली की दिसायच्या आधी ऐकू यायची. लहानपणी मला त्या आवाजाचं फार अप्रूप होतं. मी तिच्या मांडीवर बसून एकेका आरशात माझा डोळा बघायचे. जेवढे आरसे तेवढे डोळे!

मग मी कॉन्व्हेंटला गेले.

तिथे कोणी मला उघड काही बोललं असं नाही. पण एकदा माझा डबा विसरला म्हणून दादी तो घेऊन शाळेत आली तर गेटवरच्या माणसाने तिला काहीतरी विकायला आलेली बाई समजून बाहेरच थांबवलं. खिडकीतून वर्गातल्या मुली बघत होत्या. मी शिपाईकाकांना डबा घ्यायला पाठवलं. स्वतः गेले नाही. हे लिहिताना आजही कसंतरीच होतं, पण लिहिते.

आठवीतल्या गॅदरिंगची गोष्ट तर याहून वाईट. आमच्या वर्गाला बसवून दिलेला डान्स कोणता होता माहितीये? बंजारा नृत्य! बाईंनी भाड्याने ड्रेस आणले. चमचमते गुलाबी घागरे, सोनेरी लेस, प्लॅस्टिकचे आरसे. मी पहिल्या रांगेत होते. दादीला कळलं तेव्हा तिला इतका आनंद झाला! "मी येतो न पाहाले," म्हणाली. मी म्हटलं, "ये, पण साडी नेसून ये."

ती काही बोलली नाही. दादी आयुष्यात कधी साडी नेसली नव्हती. ती आली नाही.

म्हणजे मित्रांनो, स्टेजवर मी खोटा फेटिया घालून टाळ्या घेत होते आणि खरा फेटिया घरी बसला होता. माझ्या सांगण्यावरून.

त्याच्या आदल्या रात्रीचं एक आठवतं. भाड्याच्या ड्रेसचा एक आरसा पडला होता आणि ड्रेसवाला दंड घेणार म्हणून मी रडकुंडीला आले होते. दादीने तो ड्रेस हातात घेतला, उलटा केला, आतून बघितला. म्हणाली, "हे तं गोंदानं चिकटवलं हाय व माय." आणि हसली. मग तिच्या कोथळीतून एक खरा काचेचा आरसा काढला आणि चहा उकळेपर्यंत तिथे शिवून टाकला. ड्रेसवाल्याला पत्ताही लागला नाही. त्या गुलाबी घागऱ्यावरचा तेवढा एक आरसा अजूनही घट्ट असेल याची मला खात्री आहे.

आमच्या आईनेही फेटिया फक्त लग्नात घातला. तिचं कारण साधं आहे. ती म्हणते, साडी नेसून काळी-पिवळीत बसलं की ड्रायव्हर 'ताई, सरकून घ्या' म्हणतो आणि फेटिया घातला की 'ए बाई, सरक!' माणूस तेच, सीट तीच. आईला मी दोष देत नाही. रोज 'ए बाई' ऐकून घ्यायला दादीसारखी पाठ लागते.

पण हा पोशाख इतका भरगच्च का, हे मी कधी कुणाला विचारलं नव्हतं. नंतर बाबांनी सांगितलं. रेल्वे आणि पक्के रस्ते यायच्या आधी मीठ आणि धान्य बैलांच्या पाठीवर लादून मुलखामुलखांत पोचवणं हा आमच्या लोकांचा धंदा होता. त्या काफिल्याला लदेणी म्हणतात. रेल्वे आली आणि लदेणी संपली. त्यातच १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात बंजाऱ्यांसह कितीतरी भटक्या जमाती ओढल्या गेल्या. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला, म्हणजे स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी. बाबांचं म्हणणं असं की, ज्यांचं बिऱ्हाड रोज हलतं त्यांना भिंत नसते आणि भिंत नसेल तर चित्र कुठे टांगणार? मग बायकांनी जे सजवायचं ते अंगावरच्या कपड्यावर, कोथळीवर आणि बैलाच्या झुलीवर सजवलं.

आरशांबद्दल कोणी म्हणतं की जंगलातून जाताना जनावरं बुजावीत म्हणून ते लावायचे. मी दादीला विचारलं. तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की जणू मीच जनावर. "चांगले दिसतात म्हणून लावतो. अजून काय?"

आता गोव्याची गोष्ट. आपल्याकडची प्रत्येक इंडस्ट्रियल व्हिजिट शेवटी गोव्यालाच का जाते, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. तर सेकंड इयरला आम्हीही गेलो. फॅक्टरीत दीड तास, बीचवर दीड दिवस. हणजुण्याच्या बाजारात रांगेने बसलेल्या बायका बॅगा, उशांचे अभ्रे, पट्टे विकत होत्या. कर्नाटकातून आलेल्या बंजारा, तिकडे त्यांना लंबाणी म्हणतात. एका बॅगेवर मधोमध जो तुकडा होता तो मी लगेच ओळखला. ती एका कांचळीची छाती होती. कुणाची तरी जुनी कांचळी कापून तिची बॅग केली होती.

मला आठवलं, आमच्या तांड्यावरही भांडेवाला यायचा. जुना फेटिया द्या, स्टीलचा डबा घ्या. दादीच्या सासूचा फेटिया असाच एका हंड्यावर गेला. तो हंडा अजून घरात आहे, त्यात गहू असतात. फेटिया कुठे गेला माहीत नाही.

माझ्या मैत्रिणीने ती बॅग सहाशेवरून खाली ओढायला सुरुवात केली आणि मी तिला साथ दिली. हो, मीसुद्धा! "ट्यू-फिफ्टी लास्ट," असं ऐटीत इंग्रजीत म्हटलं. ती बाई शेजारणीला हळूच काहीतरी म्हणाली. तिला काय माहीत की मला प्रत्येक शब्द कळतोय. सकाळपासून एकही विक्री झाली नाही, देऊन टाकते, असं ती म्हणत होती. बोलण्यात थोडा फरक होता, पण भाषा तीच, दादीची.

मला तिथेच गोरबोलीत बोलता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. मी बोलले नाही. पैसे दिले, बॅग घेतली आणि परतीच्या बसमध्ये सगळ्या जणी अंताक्षरी खेळत असताना खिडकीतून बाहेर बघत बसले. शाळेच्या गेटवर जे केलं तेच मी पुन्हा केलं होतं.

गंमत बघा, त्याच कर्नाटकात संडूरच्या लंबाणी भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. जुलै २०२३ मध्ये हम्पीला जी-२० ची बैठक झाली तेव्हा साडेचारशेहून जास्त लंबाणी बायकांच्या हातच्या १७५५ वस्तू एकत्र मांडल्या आणि गिनीज बुकात नोंद झाली. आपल्याकडे पोहरादेवीला ५ ऑक्टोबर २०२४ रोजी बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. हे सगळं चांगलंच आहे. पण विक्रम सहज टाळ्या मिळवतो आणि बाजारात मात्र कुणीतरी 'ट्यू-फिफ्टी लास्ट' म्हणणारी भेटते. ती मी होते.

त्या दिवाळीला घरी गेल्यावर दादीला म्हटलं, "मला आरसा लावायला शिकव." ती म्हणाली, "तुले? तुले तं बटन लावता येत नाही."

मेकॅनिकलवाल्यांनी नीट वाचा. आरशाला भोक नसतं. गोंद वापरायचा नाही. मग काचेचा गुळगुळीत तुकडा कापडावर टिकतो कसा? आधी आरशावरून दोन धागे उभे आणि दोन आडवे घट्ट ताणून घ्यायचे, खिडकीच्या गजांसारखे. मग सुई त्या गजांत अडकवत, धागा बाहेरच्या बाजूला ओढत, गोल फिरायचं. गज बाजूला सरकतात, मधे काच दिसू लागते आणि कडेला दोऱ्याची चौकट तयार होते. सगळा खेळ ओढीचा. एका टाक्यात ओढ कमी पडली की आरसा तिथून निसटतो आणि जास्त झाली की कापड चुरमडतं. ज्या टेन्शनवर आपण स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सच्या पेपरला दहा मार्क घालवतो ते दादी बोटाने मोजते. बरं, जुने आरसे हाताने कापलेले असतात, एकही नीट गोल नाही. म्हणजे प्रत्येकाला गणित वेगळं.

माझा पहिला आरसा चाळीस मिनिटांनी लागला आणि पाच मिनिटांनी पडला. बोटाला तीन भोकं पडली. चौथ्या दिवशी एक टिकला. दादीने तो नखाने उचकटून बघितला, नाही निघाला, तेव्हा फक्त "हं" म्हणाली. मला आजवर मिळालेल्या कुठल्याही ग्रेडपेक्षा ते "हं" मोठं वाटलं.

त्याच दिवशी तिने पेटीतून कांचळी काढली. दागिन्यांपैकी आता फारसं काही उरलेलं नाही. २०१७ ला गुलाबी बोंडअळीने कपाशी खाल्ली, त्या वर्षी काकांच्या देण्यापायी हासली गेली. दादी म्हणते, चांदीवर लोक पैसे देतात म्हणून चांदी गेली आणि कांचळीवर कोणी देत नाही म्हणून कांचळी राहिली.

मी मोजले, एकशे चौतीस आरसे. पण दादी आरसे मोजत नाही, माणसं मोजते. हा लाल तुकडा तिच्या आईच्या फेटियाचा, आईच्या माघारी बहिणींनी वाटून घेतलेला. हे नाणं तिच्या भावाने पहिल्या मजुरीतलं दिलेलं. या कवड्या पोहरादेवीच्या यात्रेतल्या, काका झाले त्या वर्षीच्या. हा काळा दोरा वेगळा दिसतो कारण त्या पावसाळ्यात लाल दोरा आणायला दिग्रसला जायची सोय नव्हती, नाल्याला पूर होता. आपल्याकडे फोटोंचा अल्बम असतो ना, तसं. फक्त हा अल्बम धुता येतो.

"घेऊन जाय," ती म्हणाली. "मले आता कसे बांधता येत नाही."

तांड्यावर आता ऑर्डरवर शिवणाऱ्या दोघीच उरल्यात. त्यातली एक माझी लांबची काकी. सुट्टी संपवून मी परत आले तेव्हा तिच्या हातची एक छोटी कोथळी सोबत आणली होती, मोबाईल मावेल एवढी. हॉस्टेलमध्ये ती सगळ्यांना आवडली. पाच जणींनी ऑर्डर दिली. काकीने किंमत सांगितली पाचशे. लगेच आवाज उठला, "पाचशे? ऑनलाइन एकशे नव्व्याण्णवला मिळते!"

मी वहीच्या मागच्या पानावर हिशेब करून दाखवला. कापड, दोरा, आरसे, कवड्या यांचे शंभरएक रुपये. काम अडीच दिवसांचं, घरचं सगळं आवरून. उरलेल्या चारशेला अडीचाने भागा. तेवढे दिवस काकी कापूस वेचायला गेली असती तर तिला जास्त मिळाले असते. म्हणजे पाचशेलासुद्धा ती तोट्यातच शिवते. मग शिवते कशाला, असं मी तिला फोनवर विचारलं होतं. ती म्हणाली, वेचणी दोन-तीन महिने असते, पोट बारा महिने असतं.

हिशेब बघून पाचपैकी तिघींनी ऑर्डर रद्द केली. दोघींनी ठेवली. कोथळ्या आल्या तेव्हा एकीचा पट्टा दोन बोटं लांब निघाला आणि दुसरीची एक कवडी आठवड्यात सुटली. ती मीच शिवून दिली. मी काही मोठी समाजसेवा केली असा माझा दावा नाही. दोन कोथळ्या म्हणजे हजार रुपये, बस. पण या वेळी घासाघीस करणाऱ्यांच्या बाजूला मी नव्हते, एवढंच. आणि मला वाटतं, दादीचा पोशाख आवडतो असं म्हणणं सोपं आहे. तो शिवणाऱ्या हाताला वेचणीएवढी तरी मजुरी मिळायला हवी, हे म्हणणं थोडं महाग पडतं. कांचळी शिल्लक राहायची असेल तर दुसरं म्हणावं लागेल. नाहीतर दादीनंतर ती फक्त संग्रहालयातल्या काचेआड उरेल.

ट्रॅडिशनल डेच्या रात्री कांचळी घडी घालताना खांद्याजवळचं अस्तर उसवलेलं दिसलं. आत बघितलं आणि ओळखीचा रंग दिसला. निळ्या-पांढऱ्या चौकडीचं कापड. माझ्या कॉन्व्हेंटचा युनिफॉर्म! चौथी-पाचवीत आखूड झालेल्या पिनोफ्रॉकचा तुकडा दादीने कधीतरी आतून ठिगळ म्हणून लावला होता. म्हणजे ज्या शाळेच्या गेटवरून तिला आत सोडलं नाही ती शाळा ती इतकी वर्षं आपल्या कांचळीत घेऊन वावरत होती. माझे डोळे भरून आले. तशीच फोन लावला.

"दादी, माझ्या युनिफॉर्मचा तुकडा तू कांचळीत का लावलास?"

मला वाटलं, ती काहीतरी हळवं बोलेल.

"टेरीकॉट हाय ते," दादी म्हणाली. "फाटत नाही."

मग आम्ही दोघी हसलो. हसता हसता मी तिला आठवीतल्या गॅदरिंगबद्दल सॉरी म्हणाले. इतक्या वर्षांनी, गोरबोलीत, हॉस्टेलच्या जिन्यात उभं राहून, मोठ्याने. येणाऱ्या-जाणाऱ्या मुली बघत होत्या, बघू देत. दादीला गॅदरिंग आठवतंय की नाही कळलं नाही. ती फक्त म्हणाली, "बरं बरं, जेवली का?"

पुढच्या वर्षी आपल्या कॉलेजच्या गॅदरिंगला मी तिला बोलावलंय. फेटिया घालून ये, असं निक्षून सांगितलंय. तिची एकच अट आहे. खुर्चीत बसलं की फेटियाचा घेर दबतो आणि आरसे टोचतात, तेव्हा तिला खाली बसायला जागा पाहिजे.

तर गॅदरिंग कमिटीला नम्र विनंती. पहिल्या रांगेच्या पुढे एक सतरंजी टाकून ठेवा.